परदेशाची वाट : बांगलादेशी कामगारांच्या इतिहासातून घ्यावयाचा धडा



दहावीच्या वर्गात इतिहास शिकवीत असताना दरवर्षी एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "सर, इतिहासाचा उपयोग काय? आम्हाला तर कुवेतला जायचं आहे." प्रश्न विचारणारा मुलगा उद्धट नसतो. त्याचे वडील आखातात असतात, चुलते आखातात असतात आणि आजोबांनी उभी हयात बोटीवर काढलेली असते. घरात पैसा कोठून येतो हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. तेव्हा परदेशाची वाट त्याला शाळेच्या वाटेपेक्षा अधिक ओळखीची वाटली तर त्यात नवल नाही.

या मुलाला उत्तर द्यावे म्हणूनच आजचा हा लेख आहे. मात्र उत्तर मी आपल्या गावाच्या इतिहासातून न देता बांगलादेशाच्या इतिहासातून देणार आहे. आपल्या घरची उणीव कोणी दाखविली तर आपल्याला राग येतो. तीच गोष्ट दुसऱ्याच्या घरची असली की आपण शांतपणे ऐकतो. शिवाय परदेशी जाऊन पोट भरण्याचा बांगलादेशी माणसाचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात आपल्या कोकणाप्रमाणेच बोटीवर झाली आहे.

बोटीवरची माणसे

बांगलादेशाच्या ईशान्य कोपऱ्यात सिल्हेट नावाचा प्रदेश आहे. सुरमा आणि कुशियारा या नद्या त्यातून वाहतात. पावसाळा आला की तेथील सखल भाग महिनोन्‌महिने पाण्याखाली जातो आणि एका गावातून दुसऱ्या गावी जायचे ते होडीनेच. अशा मुलखातील माणूस वल्हे हातात घेऊनच वाढतो. इंग्रजांच्या अमदानीत वाफेच्या बोटी आल्या, तेव्हा हे लोक नदीतील बोटींवरून कलकत्त्यास आणि तेथून समुद्रावरील बोटींवर गेले.

बोटीवरील कामांची वाटणी प्रांतवार झालेली असे. मुंबई बंदरातून निघणाऱ्या मोठ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातील आपली कोकणी माणसे असत. सारंग, तांडेल, कसाब हे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजूनही ऐकू येतात ते त्यामुळेच. कलकत्त्याच्या बोटींवर डेकचे काम बहुधा नोआखाली-चितगावकडील लोकांकडे आणि इंजिनखोलीचे काम सिल्हेटींकडे असे. भट्टीत कोळसा टाकणारा तो आगवाला. खाली भट्टीची आग आणि वर उष्ण कटिबंधाचे ऊन अशा स्थितीत हा माणूस फावडे मारीत असे. त्याच कामाचा त्याचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या मानाने फारच थोडा असे.

परंतु या इतिहासात माझे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. खलाशाला हे जिवावरचे कामदेखील फुकट मिळत नसे. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीजवळ खाणावळवाल्याच्या घरी उधारीवर राहून तो नोकरीची वाट पाही. मग 'घाट सारंग' नावाच्या दलालाला पैसे द्यायचे, बोटीवरील सारंगाचा वाटा द्यायचा आणि तेव्हा कोठे नाव लागायचे. पहिल्या सफरीचा बराचसा पगार बोट सुटण्यापूर्वीच खर्ची पडलेला असे. वाचकहो, ही रीत लक्षात ठेवावी, कारण पुढील शंभर वर्षांत बोटी गेल्या, विमाने आली. रीत मात्र राहिली.

लंडन, कार्डिफ, लिव्हरपूल अशा बंदरांत काही खलाशी बोट सोडून पळून जात व तेथेच राहत. १९२५ साली इंग्लंडच्या सरकारने एक हुकूम काढला. ज्या काळ्या खलाशाला आपण ब्रिटिश प्रजाजन असल्याचा लेखी पुरावा दाखविता येणार नाही, त्याने परकीय म्हणून पोलिसांत नोंद करावी, असा तो हुकूम होता. हे लोक ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन होते; परंतु सिद्ध करायला कागद कोठून आणणार?

या निरक्षर खलाशांना लंडनमध्ये आधार मिळाला तो आयुब अली नावाच्या एका सिल्हेटी गृहस्थाचा. तेही बोटीवरूनच उतरलेले. पूर्व लंडनमधील त्यांच्या घरी नव्याने आलेल्याला जेवण आणि निवारा मिळे, पोलिसांतील व इंडिया हाउसमधील नोंदणीची कागदपत्रे तयार करून मिळत. १९४३ साली त्यांनी शाह अब्दुल मजीद कुरेशी यांच्यासह खलाशांच्या कल्याणासाठी एक संघटनाही उभी केली. आयुब अलींना लोक 'मास्टर' म्हणत. त्या वस्तीत ज्याला कागद कळत होता तोच सर्वांचा मास्तर झाला. शिक्षक म्हणून मला या गोष्टीचा थोडा अभिमान वाटतो, हे कबूल केले पाहिजे.

कायद्याचे दार आणि हरवलेला जन्मदाखला

१९४७ च्या जुलैमध्ये सिल्हेटमध्ये सार्वमत झाले आणि तो जिल्हा, करीमगंजकडील काही भाग वगळता, पूर्व पाकिस्तानात गेला. कलकत्ता बंदर मात्र भारतात राहिले. ज्या गोदीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले ती गोदी एका दिवसात परदेशात गेली. मग या लोकांची नजर सहजच इंग्लंडकडे वळली. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातील माणसाला इंग्लंडमध्ये येऊन राहण्याची मोकळीक होती आणि महायुद्धानंतर तेथील गिरण्या-कारखान्यांना माणसे हवी होती.

ही मोकळीक १९६२ च्या कायद्याने संपली. आता कामगाराला व्हाउचर लागू लागले. नोकरी आधीच ठरलेली असेल तर एक प्रकार, अंगी हुन्नर असेल तर दुसरा आणि बाकीच्यांसाठी तिसरा. तिसरे दार सर्वांत आधी, म्हणजे १९६४ च्या सुमारासच, बंद झाले. १९७१ चा नवा कायदा १९७३ च्या १ जानेवारीस अमलात आला आणि हुन्नर नसलेल्या नव्या कामगारासाठी इंग्लंडची वाट जवळजवळ मिटली. त्यानंतर जाता येई ते मुख्यतः तेथे असलेल्या पुरुषाची बायको किंवा मूल म्हणूनच.

आणि येथेच जन्मदाखल्याचा प्रश्न आला. सिल्हेटच्या खेड्यांत जन्माची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. मग ढाक्याच्या ब्रिटिश कचेरीत आईला, मुलाला आणि लंडनमध्ये बापाला वेगवेगळे प्रश्न विचारले जात. घर कसे आहे, घरात कोण कोण राहते, लग्न कधी झाले, असे ते प्रश्न. उत्तरांत फरक पडला की अर्ज नामंजूर. किती घरांत बाप तिकडे आणि मुले इकडे अशी वर्षे गेली. १९८५ च्या सुमारास लेस्टर विद्यापीठातील अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून रक्ताच्या तपासणीवरून नाते सिद्ध करण्याची डीएनएची पद्धत निघाली. त्या तपासणीत असे दिसून आले की, ज्यांना खोटे ठरविले होते त्यांपैकी बरीच मुले खरोखरच त्या बापाची होती. परंतु तोपर्यंत कित्येक मुले मोठी होऊन गेली होती. ग्रामपंचायतीत मिळणारा एक साधा कागद नसल्याची किंमत एका पिढीने अशी मोजली.

'लंडनी' गावे

सिल्हेट भागात ज्या घरचा माणूस इंग्लंडमध्ये आहे त्या घराला 'लंडनी' म्हणतात. बिश्वनाथ, बियानीबाजार, मौलवीबाजार, जगन्नाथपूर या भागांत अशी घरे पुष्कळ आहेत. भाताच्या शेतात मधेच दुमजली, रंगीत, सज्जे-खांबांची इमारत उभी दिसते. कित्येकांना कुलूप असते, कारण मालक लंडनला. हे वर्णन वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर कोकणातील काही गावे उभी राहिली असतील.

इतका पैसा आला म्हणजे शाळाही उत्तम झाल्या असतील, असे कोणालाही वाटेल. पण २०११ च्या शिरगणतीत सिल्हेट विभागातील साक्षरतेचे प्रमाण बांगलादेशाच्या सरासरीपेक्षा कमी भरले. कारणे अनेक आहेत. पाण्याने तुटलेली गावे आहेत, चहाच्या मळ्यांतील गरीब मजूर आहेत. परंतु एक कारण आपणांस परिचयाचे आहे. 'शिकून काय करायचे, जायचे तर लंडनलाच आहे,' असे जेव्हा बाप म्हणतो तेव्हा मुलगा पाटी खाली ठेवतो.

आखात आणि 'फ्री व्हिसा'

१९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला तो युद्धाने होरपळलेला, पाठोपाठ १९७४ च्या दुष्काळाने पिचलेला. त्याच सुमारास, १९७३ नंतर, तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत रस्ते, बंदरे, इमारती यांची कामे निघाली. १९७६ साली बांगलादेश सरकारने मनुष्यबळ, रोजगार व प्रशिक्षण यांसाठी स्वतंत्र खाते काढले. त्या वर्षी साधारण सहा हजार लोक कामासाठी बाहेर गेले. २०२३ साली हा आकडा तेरा लाखांवर पोहोचला. त्यांतील सर्वांत मोठा हिस्सा सौदी अरेबियात गेला.

आखात आणि इंग्लंड यांत एक मोठा फरक आहे. इंग्लंडला गेलेला माणूस अखेर तेथला नागरिक झाला. आखातात गेलेला माणूस कितीही वर्षे राहिला तरी पाहुणाच. त्याचा मुक्काम कफीलच्या, म्हणजे जामीनदार मालकाच्या, नावावर बांधलेला असतो. अलीकडे सौदी अरेबियाने २०२१ पासून काही अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची सवलत दिली, पण घरकाम करणाऱ्यांना त्या सुधारणेतून वगळले. २०१५ च्या करारानंतर ज्या हजारो बांगलादेशी स्त्रिया सौदीत घरकामाला गेल्या, त्यांतील अनेक जणी छळाच्या कहाण्या घेऊन परतल्या, ही गोष्ट येथे नोंदविली पाहिजे.

बांगलादेशात 'फ्री व्हिसा' नावाचा एक प्रकार चालतो. आपल्याकडे त्याच मालाला 'आझाद व्हिसा' म्हणतात. कोणा कफीलच्या नावे व्हिसा काढायचा. प्रत्यक्षात त्याच्याकडे काम नसतेच. माणसाने बाहेर मिळेल ते काम करायचे आणि कफीलला दरसाल पैसे द्यायचे. हा व्हिसा फ्रीही नाही आणि आझादही नाही. दुसरीकडे काम करताना सापडला तर गुन्हेगार ठरतो तो कामगारच.

या व्हिशाची किंमत किती? बांगलादेशाच्या सांख्यिकी खात्याने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार परदेशी जाण्याचा सरासरी खर्च ४,१६,७८९ टका होता आणि तेथील सरासरी मासिक कमाई २३,६९३ टका होती. भागाकार विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. साडेसतरा महिन्यांहून अधिक काळाची संपूर्ण कमाई, म्हणजे जेवणखाणाला एक पैसाही खर्च न करता, केवळ जाण्याचा खर्च भरून काढण्यात जाते. हे पैसे येतात जमीन गहाण टाकून, बायकोचे दागिने मोडून किंवा सावकाराच्या व्याजाने. खिदिरपूरच्या घाट सारंगाची आठवण झाली ना?

दोन वाटा : मलेशिया आणि कोरिया

आता मी दोन देशांची तुलना करतो. सबंध लेखातून एवढेच लक्षात राहिले तरी पुरे.

मलेशियात बांगलादेशी मजुराला भाषेची परीक्षा नव्हती. धडधाकट शरीर आणि दलालाला द्यायला पैसा असला की पुरे. परिणाम असा की ते दार पुनःपुन्हा उघडले आणि पुनःपुन्हा बंद झाले. २००९ मध्ये भरती थांबली, २०१२ मध्ये सरकारी मार्गाने पुन्हा सुरू झाली, २०१६ मध्ये ती मोजक्या दहा एजन्सींच्या हाती गेली, २०१८ मध्ये पुन्हा थांबली. २०२१ च्या डिसेंबरात नवा करार झाला आणि मलेशियाने ३१ मे २०२४ ही शेवटची तारीख ठरविली. त्या दिवशी ढाक्याच्या विमानतळावर गर्दी उसळली. सर्व मंजुऱ्या मिळूनही सुमारे सतरा हजार माणसे जाऊ शकली नाहीत. त्यांचे पैसे भरून झाले होते.

दक्षिण कोरियाची वाट निराळी आहे. २००७ साली दोन्ही सरकारांत करार झाला आणि २००८ पासून माणसे जाऊ लागली. खासगी दलालाला मध्ये जागा नाही. निवड बांगलादेशाच्या सरकारी कंपनीमार्फत होते. मुख्य अट कठीण आहे. कोरियन भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे. जाण्याचा खर्च आखाताच्या मानाने कितीतरी कमी आणि पगार कितीतरी अधिक. जपाननेही २०१९ पासून परदेशी कामगारांसाठी जो नवा व्हिसा काढला त्यात भाषेची व कसबाची परीक्षा ठेवली आहे. मग सर्वच जण कोरियाला का जात नाहीत? जागा मर्यादित आहेत हे खरे. परंतु मुळात त्या परीक्षेला बसण्याइतकी शाळा फार थोड्यांची झालेली असते.

ज्यांना कोणतेच दार उघडे सापडत नाही ते समुद्राचा रस्ता धरतात. २०२४ साली लिबियाकडून भूमध्य समुद्र ओलांडून इटलीस पोहोचलेल्या लोकांत सर्वाधिक संख्या बांगलादेशी तरुणांची होती. जे पोहोचले नाहीत त्यांची गणती कोण करणार?

विद्यार्थी म्हणून जाणारे

कोणी म्हणेल, शिक्षणाचा व्हिसा तर सन्मानाचा आहे. आहेच, पण शिकायला जाणाऱ्यासाठी. २००९ साली इंग्लंडने विद्यार्थी-व्हिशाची नवी पद्धत आणली, तेव्हा नुसत्या पाट्या लावलेली अनेक कॉलेजे निघाली आणि ढाका-सिल्हेटमधील दलालांनी तेथील प्रवेश विकले. अर्जांचा इतका पूर आला की २०१० च्या फेब्रुवारीत उत्तर भारत, नेपाळ आणि बांगलादेशातून अर्ज घेणेच काही काळ थांबविण्यात आले. पुढे अशा कॉलेजांचे परवाने गेले तेव्हा फी भरलेली मुले रस्त्यावर आली. शिक्षणानंतर काम करण्याची सवलत २०१२ मध्ये बंद झाली, २०२१ मध्ये नव्या रूपात पुन्हा आली, आणि २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेता येत नाही. नियम असे पुढे-मागे होत राहतात. ज्याची पदवी खरी त्याला बदललेल्या नियमांतही कोठेतरी जागा मिळते. ज्याने केवळ व्हिसा विकत घेतला त्याच्याकडे नियम बदलल्यावर काहीच उरत नाही.

ब्रिक लेनची मुले

आता शेवटी आशेची गोष्ट सांगतो. पूर्व लंडनमध्ये ब्रिक लेन नावाचा रस्ता आहे. तेथील एक इमारत १७४३ साली फ्रान्समधून आलेल्या ह्युगेनॉट निर्वासितांनी प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. पुढे ती मेथॉडिस्ट पंथीयांकडे गेली, १८९८ पासून यहुद्यांचे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून ती जामे मस्जिद आहे. एकामागून एक आलेल्या परदेशी लोकांचा इतिहासच त्या भिंतींत साठला आहे.

तेथील सिल्हेटींचे दिवस सोपे नव्हते. १९७८ च्या ४ मे रोजी अल्ताब अली या शिवणकामगाराचा वर्णद्वेषातून खून झाला. दहा दिवसांनी हजारो माणसे त्याचे शव वाहणाऱ्या गाडीमागून पंतप्रधानांच्या निवासापर्यंत चालत गेली. ज्या बागेजवळ तो पडला तिला आज त्याचेच नाव आहे.

त्या काळी या वस्तीतील मुले शाळेत फार मागे होती. १९८५ च्या स्वान समितीच्या अहवालात बांगलादेशी मुलांच्या अभ्यासाविषयी गंभीर चिंता व्यक्त झाली. बाप शिवणयंत्रावर किंवा हॉटेलच्या भटारखान्यात, आईला इंग्रजी येत नाही, घर एका-दोन खोल्यांचे. १९९७ च्या सुमारास हा टॉवर हॅम्लेट्स भाग इंग्लंडच्या शिक्षणविभागांच्या यादीत तळाला होता. पुढे शिक्षकांनी चिकाटी धरली, शाळांनी बंगाली जाणणारी माणसे नेमली, पालकांना शाळेत बोलावले, संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालविले. दोन दशकांच्या आत त्या भागातील शाळा देशाच्या सरासरीच्या पुढे गेल्या, आणि सबंध इंग्लंडात शालान्त परीक्षेत बांगलादेशी मुलांनी गोऱ्या मुलांच्या सरासरीलाही मागे टाकले. बिश्वनाथहून सात वर्षांची असताना लंडनला आलेली रुशनारा अली ही मुलगी ऑक्सफर्डला शिकली आणि २०१० साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून आलेली पहिली बांगलादेशी वंशाची सभासद ठरली.

आगवाल्यांची ही नातवंडे. ज्या समाजाच्या आजोबांना अर्ज भरण्यासाठी 'मास्टर' शोधावा लागे, त्याच समाजातून आज डॉक्टर, वकील व शिक्षक निघत आहेत.

आपल्यासाठी

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका मुलाची आई एक कागद घेऊन माझ्याकडे आली. थोरल्या मुलाला आखातात चालकाची नोकरी लागली म्हणून तिने दागिने मोडून एजंटला पैसे दिले होते. कागदावर अरबी आणि इंग्रजी मजकूर होता. मी वाचून पाहिले. त्यात काम सफाईचे होते आणि पगार सांगितल्याच्या निम्मा. "सर, आधी दाखवायला हवा होता का?" असे तिने विचारले. त्या माउलीला मी काय उत्तर देणार? सही झालेली होती.

देण्याघेण्याचा व्यवहार मुदत ठरवून लिहून ठेवावा, साक्षीदार करावे, अशी स्पष्ट आज्ञा आपल्या धर्मग्रंथात आहे. ती पाळायची तर लिहिलेले वाचता आले पाहिजे. आणि आपल्या देशाचा कायदाही शाळेला महत्त्व देतो. १९८३ च्या परदेशगमनविषयक कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर सर्वसाधारणपणे 'ईसीआर'चा शेरा येतो आणि आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जाताना त्याला सरकारी परवानगी काढावी लागते. ही परवानगी त्याच्याच रक्षणासाठी आहे, म्हणून ती चुकवून जाण्याचा मोह धरू नये. परंतु दहावीचे प्रमाणपत्र हातात असले की पासपोर्टचा प्रकारच बदलतो.

पालकांनो, मुलांना परदेशी पाठवू नका असे मी सांगत नाही. आपल्या कित्येक घरांच्या चुली त्या पैशावर पेटल्या आहेत आणि ही शाळाही त्या कमाईतून आलेल्या देणग्यांवाचून उभी राहिली नसती. माझे मागणे एवढेच आहे. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांवर नाव व तारीख एकसारखी असू द्या. पैसे देण्यापूर्वी करार वाचून घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत या, आम्ही वाचून दाखवू. आणि मुलाला दहावीच्या आधी उठवू नका. जमल्यास पुढे एखादे कसब आणि एखादी परकी भाषा शिकू द्या. मुलींनाही शिकू द्या, कारण पुरुष परदेशी गेल्यावर पत्रे, बँक आणि मुलांचा अभ्यास त्यांनाच सांभाळावा लागतो.

आणि विद्यार्थी मित्रा, तू विचारले होतेस की इतिहासाचा उपयोग काय. सिल्हेटच्या आगवाल्याने घाट सारंगाला पैसे दिले, त्याच्या नातवाने 'फ्री व्हिसा' घेतला. त्याच गावच्या दुसऱ्या एकाने भाषेची परीक्षा दिली आणि कोणालाही पैसे न चारता विमानात बसला. तू कुवेतला जरूर जा. पण जाताना तुझ्या हातातला कागद तुला स्वतःला वाचता यावा, एवढे शिकून जा. खुदा हाफिज.